सोन्याची पारख होते, सुरम्याची कधी?

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या घरी मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका केला. बाळाचे केस उतरवले, ते तोलून तेवढ्या चांदीची रक्कम सदका म्हणून दिली, नाव ठेवले. आमच्या पालीत असा कार्यक्रम म्हणजे सगळ्या गल्लीचे जेवण. दुपारी पाहुणे पांगले, बायका-बायका उरल्या, तेव्हा अम्मींनी कपाटातून सुरमादानी काढली. पितळेची, बारीक नक्षीची. अब्बा हयात असताना दोघे हजला गेले होते, तेव्हा मदीनेहून आणलेली. त्यानंतर आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या डोळ्यांत तिची सळई फिरली आहे. माझ्या दोन्ही मुलींच्याही. आणि ती मी स्वतःच्या हाताने फिरवलेली आहे.

अम्मींनी सळई बुडवली आणि मी त्यांचा हात धरला. "अम्मी, नको."

"क्यूँ री? मदीने का सुरमा है ये."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. खालांनी तर स्पष्टच विचारले, "पढ-लिख के सुन्नत भी छोड दी क्या?" मी तेव्हा काही बोलले नाही. अम्मींनी सुरमादानी मिटवून ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हा जे सांगता आले नाही ते आज या सदरात सांगते. अम्मींनी हे सदर वाचून दाखवायला लावायचे ठरवले आहे, त्यामुळे जपूनच लिहिते आहे.

वर्गातला झोपाळू मुलगा

याची सुरुवात सुरम्यापासून झाली नाही, माझ्या वर्गापासून झाली. मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. काल शिकवलेला शब्द आज त्याला आठवत नसे. दुसऱ्या तासाला डुलक्या घेई, मध्येच चिडे, पोट दुखते म्हणून घरी जायला मागे. मला वाटले, कामचुकारपणा आहे. एकदा नव्हे, अनेकदा मी त्याला उभे करून ठेवले. आज ते आठवले की माझाच मला राग येतो.

पालकसभेला त्याची आई आली. जंताचे औषध देऊन झाले होते, टॉनिक देऊन झाले होते, दमही करून आणला होता. शेवटी बीडला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्यांची पापणी उलटून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, आणि मग असा प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता: "याचे वडील काय काम करतात?"

वडील हायवेवरच्या बॅटरीच्या दुकानात. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा काढायच्या. कधी कधी घरामागेच भट्टी लावून त्या वितळवायच्या. संध्याकाळी त्याच कपड्यांनी लेकराला उचलून घ्यायचे. डॉक्टरांनी शिशाची तपासणी लिहून दिली. रक्त बीडला घेतले, तपासायला बाहेरगावी पाठवले. काही दिवसांनी आकडा आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे की १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे सापडले की ते कुठून येते हे शोधून थांबवले पाहिजे. या मुलाचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता.

भट्टी बंद झाली. वडील दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येऊ लागले. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची होती, तेव्हा त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "टीचर, मोठ्याचे एकदा झाले. आता डॉक्टर म्हणतात धाकट्याचेही रक्त घ्या. तो दीड वर्षाचा आहे. त्याची शीर सापडत नाही. पाच वेळा टोचले, निळा पडेपर्यंत रडला. सुई न टोचता नाही का कळत?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. विज्ञान माझा विषय नाही, पण विचारत गेले, वाचत गेले.

शिसे म्हणजे नेमके काय

आधी भाषेच्या शिक्षिकेचे दोन शब्द. मराठीत आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे नसते, ग्रॅफाइट असते. तेव्हा मुलाने पेन्सिल चावली म्हणून घाबरू नका. उर्दूत सीसा म्हणजे शिसे आणि शीशा म्हणजे काच. आमची मुले परीक्षेत हमखास घोळ करतात. खरे शिसे बॅटरीत असते, जुन्या रंगांत असते, आणि कधी कधी जिथे असू नये अशा ठिकाणी असते. त्याला वास नाही, जिभेला लागत नाही.

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. पण शरीर फसते. शिशाला ते कॅल्शियम समजते आणि हाडांत जपून ठेवते. मोठ्या माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांत असते. लहान मुलाच्या पोटात शिसे गेले तर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट जास्त अंगात मुरते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात खायला कमी, त्याच घरातल्या लेकराला जास्त मार. परिणाम होतो तो वाढत्या मेंदूवर: लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही, चिडचिड होते. किती शिसे चालेल याची सुरक्षित मर्यादा आजवर कुणाला सापडलेली नाही.

रक्ताची तपासणी गेल्या महिन्या-दीड महिन्यात काय अंगात गेले ते सांगते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, काही बाहेर पडते, काही हाडांत जाऊन बसते. हाडातले मात्र वर्षानुवर्षे राहते. आणि स्त्री गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली की बाळाला कॅल्शियम द्यायला तिची हाडे झिजतात. त्यासोबत तिच्या लहानपणीचे शिसेही सुटते आणि बाळाकडे जाते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

सराफाच्या दुकानातले यंत्र

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. सुई न टोचता कळते का? कळते. आणि ज्या यंत्राने कळते त्याचे भावंड तुम्ही पाहिलेले आहे.

सराफाकडे जुनी बांगडी मोडायला नेली की आता तो कसोटीच्या दगडावर घासत नाही. एका पेटीत ठेवतो, झाकण लावतो, अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर येते: सोने इतके टक्के, तांबे इतके, चांदी इतकी. बांगडी कापली नाही, वितळवली नाही. यंत्राने तिच्यावर क्ष-किरण टाकले. किरण लागले की धातूच्या अणूतला आतला एक कण बाहेर उडतो, त्याची जागा भरायला वरचा कण खाली येतो आणि येताना स्वतःही एक छोटा किरण सोडतो. प्रत्येक धातूचा हा किरण वेगळा. वर्गात हजेरी घेताना मान वर न करताही मला कळते की "हाजिर" कुणी म्हटले; मुलाचा आवाजच ओळखीचा असतो. यंत्र तसेच धातूंची हजेरी घेते. सोन्याचा आवाज वेगळा, शिशाचा वेगळा, पाऱ्याचा वेगळा.

हेच यंत्र हातात धरायच्या पिस्तुलासारखेही मिळते. संशोधकांनी ते माणसाच्या नडगीवर धरून पाहिले. नडगीच का? पलंगाचा पाय लागला की किती कळ येते ते आठवा. तिथे हाडावर मांस जवळजवळ नसतेच. दोन-तीन मिनिटे यंत्र धरले की हाडात शिसे किती साचले आहे याचा अंदाज येतो. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. पूर्वी १९८० च्या दशकापासून हाडातले शिसे मोजायची पद्धत होती, पण त्यासाठी मोठी यंत्रणा लागे, किरणोत्सारी पदार्थ लागे आणि माणसाला अर्धा तास हलता येत नसे. लहान लेकरू अर्धा तास कुठले बसते? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले संशोधक हातात मावणाऱ्या यंत्रावर बरीच वर्षे काम करत आहेत, आणि शांघायमध्ये मुलांवरही ते वापरून पाहिले गेले.

मर्यादा आहेतच. नडगीवर मांस जाड असेल तर धातूचा आवाज बारीक होतो. अगदी थोडे शिसे असेल तर यंत्राला कळत नाही. काल-परवा पोटात काय गेले ते हाड सांगू शकत नाही, त्यासाठी रक्तच लागते. आणि क्ष-किरणांचे काम असल्याने ते शिकलेल्या माणसाच्याच हाती असायला हवे. अजून तरी ते संशोधकांच्या हातात आहे, तालुक्याच्या दवाखान्यात आलेले नाही. त्या आईला मी हेच सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सोन्यासाठी आले, लेकरांसाठी नाही."

मुंबईत एकदा झाले होते

आपल्याकडे असे काही झालेच नाही असे मात्र नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीत तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या रक्तातले शिसे मोजले गेले. हातात नेता येईल असे छोटे यंत्र, बोटातून रक्ताचे एक-दोन थेंब, आणि काही मिनिटांत आकडा. अगदी सुईशिवाय नाही, पण शीर शोधावी लागत नाही. त्यातल्या १,०८१ मुलांच्या नोंदींचा पुढे अभ्यास झाला. तब्बल ७६ टक्के मुलांच्या रक्तात शिसे ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होते. एक ते दोन वर्षांच्या मुलांत ते तीन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या जवळजवळ अडीचपट निघाले. रांगायला लागले, हात तोंडात जायला लागले की शिसेही जायला लागते. गरीब घरातल्या मुलांत जास्त, कमी वजनाच्या मुलांत जास्त.

तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे घातले जात होते. २००० साली ते देशभर बंद झाले आणि हा मोठा मार्ग मिटला. घराच्या रंगातल्या शिशावरही २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण मधल्या काळात आपण समजलो की प्रश्न संपला. त्या सर्वेक्षणाच्या पुढच्या फेऱ्यांत हिमोग्लोबिन मोजत राहिले, शिसे मोजायचे राहून गेले. २०२० साली युनिसेफने एका संस्थेसोबत अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसे आहे आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी आपल्या भारतातली आहेत. गावागावांत आशाताई दंडाचा घेर मोजतात, वजन करतात. तेवढ्याच सहजतेने हेही मोजता येईल असे साधन आपल्याला हवे आहे.

यंत्र आले म्हणजे सगळे झाले असेही नाही. २०२१ साली अमेरिकेत बोटातल्या थेंबावर चालणाऱ्या अशाच तपासणीच्या किट परत मागवाव्या लागल्या, कारण त्या खऱ्यापेक्षा कमी शिसे दाखवत होत्या. म्हणून छोट्या यंत्राने शंका आली की मोठ्या प्रयोगशाळेत शिरेतले रक्त पाठवून खात्री करायची, हा नियम डॉक्टर पाळतात.

केस काय सांगतात

अकीक्याच्या दिवशी बाळाचे केस तागडीत पडले तेव्हा माझ्या मनात आणखी एक गोष्ट आली. ते केस आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत उगवलेले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना त्या त्या महिन्यात अंगात असलेला पारा आत बांधून घेतो. म्हणजे लांब केस ही पाऱ्याची रोजनिशीच.

१९७१-७२ मध्ये इराकमध्ये ही रोजनिशी वाचावी लागली. पेरणीसाठी परदेशातून गहू आला होता. कीड लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचे औषध चोळलेले होते. पोत्यावरची सूचना शेतकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत होती. दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी त्याच्या रोट्या केल्या. साडेसहा हजारांवर लोक दवाखान्यात दाखल झाले, ४५९ दगावले. पुढे संशोधकांनी बायकांच्या लांब केसांचे तुकडे तुकडे तपासून कोणत्या महिन्यात किती पारा अंगात गेला ते शोधले आणि पोटातल्या बाळांवर काय परिणाम झाला ते मांडले. दोन भाषा शिकवणारी बाई म्हणून त्या पोत्यावरच्या अक्षरांचे मला फार वाटते.

पण एक सावधगिरी. केस पाऱ्यासाठी चांगले, शिशासाठी नाहीत. बाहेरची धूळ, तेल, मेंदी केसाला लागते आणि आतले कुठले, बाहेरचे कुठले ते कळत नाही. 'केस पाठवा, सगळे धातू सांगतो' अशा जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका.

पारा आपल्यापासून दूर आहे असे वाटत असेल तर अकोला आठवा. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली होती. तिथल्या एका घरातली आई आणि दोन मुली, तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा धागा सापडला तो गोरे दिसण्याच्या क्रीमचा, आणि त्यात पारा भरमसाट निघाला. आपल्याकडे क्रीममध्ये दहा लाखांत एक भाग एवढाही पारा नकळत आलेला असला तरच चालतो. लग्नाच्या हंगामात आपल्या मुलींच्या हातात लेबल नसलेल्या डब्या येतात, तेव्हा ही तीन माणसे आठवावीत.

लेकराला नाही, डबीला तपासा

इतके वाचल्यावर मला एक गोष्ट पटली. त्या पिस्तुलासारख्या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग माणसाच्या नडगीवर नाही, वस्तूंवर आहे. हाडात शिसे दिसले म्हणजे ते आत गेलेले आहे, आणि मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. डबीतच दिसले तर अजून वेळ गेलेली नाही.

बांगलादेशने हे करून दाखवले. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. जवळ ना बॅटरीचे दुकान, ना कारखाना. शोधता शोधता संशोधक पोचले हळदीपर्यंत. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग चोळला जात होता, त्यात शिसे. २०१९ मध्ये हे जाहीर झाले. मग अधिकारी हातातले यंत्र घेऊन थेट घाऊक बाजारात गेले, पोत्यावर धरले, तिथल्या तिथे आकडा दाखवला आणि दंड केला. २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या, म्हणजे ४७ टक्के, नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत!

आपल्या शेजारी वसमतला, नांदेडला, तिकडे सांगलीला हळदीचे मोठमोठे बाजार आहेत. आपल्या शेतकऱ्याची हळद चोख असते, पण देशात इतरत्र, पाटण्यासारख्या शहरांत, शिशाची हळद सापडलेली आहे. म्हणून हळकुंड आणून घरी किंवा गिरणीत दळा. फार भडक दिसणारे हळकुंड घेऊ नका. पाण्यात टाकताच भसाभस पिवळा रंग सुटला तर ते रंगवलेले समजा. चांगले हळकुंड असा रंग सोडत नाही.

आणि सुरमा? सुरम्याचा काळा चमकदार खडा बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा शिशाचे खनिज असतो. त्या खनिजात वजनाने शंभरात शहाऐंशी भाग शिसे. ब्रिटनमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत डॉक्टरांना आपल्याच हिंदुस्तानी-पाकिस्तानी घरांतल्या मुलांच्या रक्तात जास्त शिसे सापडले, आणि धागा सुरम्यापर्यंत गेला. डोळ्यातून ते थेट मेंदूत जात नाही. मूल डोळे चोळते, बोटे तोंडात घालते. अश्रूंसोबतही ते नाकातून घशात उतरते.

सुन्नतीबद्दल खालांनी विचारले होते, म्हणून लिहिते. हदीसमध्ये ज्या सुरम्याचा उल्लेख आहे त्याचे नाव इस्मिद. जाणकार इस्मिद म्हणजे अँटिमनी या वेगळ्या धातूचा दगड सांगतात. रंगाने, चकाकीने तो शिशाच्या खड्यासारखाच दिसतो, आणि शिशाचा खडा स्वस्त. आपण दुकानात जाऊन सुरमा मागतो, दुकानदार काळी पूड देतो, पुडीवर नाव नाही, घटक नाहीत. मदीनेच्या बाजारातून आणली म्हणून पूड बदलत नाही. तिथेही ती कुठून तरी आलेलीच असते. शिशाचा सुरमा लेकराच्या डोळ्यात घालून आपण सुन्नत पाळतो की दुकानदाराचा माल खपवतो, याचा विचार आपण करावा. आणि जाणूनबुजून कुणाला इजा पोचवू नये ही शिकवण तर आपल्याला पाठच आहे.

आमच्या सुरमादानीत नेमके काय आहे हे मला कळून घ्यायचे होते. डबी घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेले. तो हसला नाही, नीट ऐकून घेतले. पण म्हणाला, "मॅडम, हे यंत्र सोन्यासाठी बसवलेले आहे. पूड आत सांडली तर माझे लाखाचे नुकसान. आणि मी सांगितलेला आकडा तुम्ही लेकरासाठी धरून चालणार, तो बरोबरच असेल याची मला खात्री नाही." त्याचे चुकले असे मला वाटत नाही. हे काम सराफाचे नाहीच. अन्न व औषध प्रशासनाचे आहे, आरोग्य खात्याचे आहे. प्रत्येक जिल्ह्यात असे एक यंत्र आणि ते चालवणारा एक शिकलेला माणूस असावा, बाजारच्या दिवशी त्याने हळद, सुरमा, क्रीम, खेळणी, ॲल्युमिनियमची भांडी यांवर ते धरावे, एवढी मागणी आपल्या महिला मंडळांनी करायला काय हरकत आहे? अर्ज लिहायला मदत लागली तर मी आहे, मराठीत लिहून देईन.

तोपर्यंत घरात करण्यासारखे थोडे:

तान्ह्याच्या डोळ्यात काहीही घालू नका, सुरमा नाही, काजळ नाही. घरातले कुणी बॅटरीचे, भंगाराचे, रंगाचे काम करत असेल तर कपडे बाहेर बदलावेत, वेगळे धुवावेत, अंघोळीनंतरच लेकराला घ्यावे. अशा घरात झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे, म्हणजे धूळ उडत नाही. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत. कल्हई लावून घेताना कल्हईवाल्या चाचांना शुद्ध कथील आहे का विचारावे. शिसे मिसळलेले स्वस्त पडते. मुलाला दूध, नाचणी, तीळ, पालेभाजी, वर लिंबू असे द्यावे, उपाशीपोटी खेळायला सोडू नये. आणि मूल अचानक अभ्यासात मागे पडले, पोट दुखते म्हणू लागले, रक्त कमी निघाले, तर डॉक्टरांना घरातल्या कामधंद्याची माहिती आपणहून सांगावी. शिक्षकांनाही सांगावी. आम्ही लवकर रागावतो.

त्या मुलाचा दुसरा आकडा बराच खाली आला. धाकट्याचेही रक्त शेवटी घेतले, त्याचाही आकडा पाचाच्या वर होता, पण थोडाच. मोठा आता पुढच्या वर्गात आहे. सगळे भरून निघाले असे मी म्हणणार नाही. वाचताना अजून अडखळतो. पण डुलक्या घेत नाही.

अम्मींचे सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. मी नडगीचे, हाडाचे सगळे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला माझ्या दादीने लावला होता. साठ वर्षे लावते आहे. मग माझ्या हाडात किती असेल?" मला उत्तर देता आले नाही. ते सांगणारे यंत्र इथे नाही. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: "आणि बहूच्या हाडात?"

भाभी दारातच बाळाला घेऊन उभी होती. तिनेही लहानपणापासून सुरमा लावलेला. मी तिला सांगितले की अंगावर पाजणे अजिबात सोडायचे नाही, फक्त हाडे झिजू द्यायची नाहीत. आशाताईंनी दिलेल्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या कुठे आहेत, असे विचारले. त्या फ्रीजवर होत्या, पाकीटही फोडलेले नव्हते. अम्मी उठल्या, पाकीट काढले, डबा झाकावा तसे ओढणीच्या टोकाने पुसले आणि पाण्याचा ग्लास घेऊन भाभीसमोर उभ्या राहिल्या. लोहाची आणि कॅल्शियमची एकाच वेळी घ्यायची नसते, एवढे तेवढे मी सांगितले. आता रोज दोन वेळा त्या स्वतःच्या हाताने देतात. सुरमादानी कपाटात, वरच्या कप्प्यात, रुमालात बांधून ठेवली आहे. अब्बांची आठवण म्हणून.